नागपुरात कुत्रा पाळायचाय? आधी मे महिन्याचा खर्च मांडा

पिल्लाची किंमत एकदाच द्यावी लागते. खाणं, लसी, औषधं आणि वीजबिल मात्र पुढची दहा-बारा वर्षं भरावं लागतं. नागपुरात हा खर्च किती होणार, हे बऱ्याच अंशी उन्हाळा ठरवतो. मार्च संपता संपता जी तलखी सुरू होते ती जूनच्या मध्यापर्यंत हटत नाही आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तरी इथे कुणाला नवल वाटत नाही. म्हणून मी कुणालाही हेच सांगते: जनावर निवडताना डोळ्यासमोर दुपारी तीनचा मे महिना ठेवा, पुढचा निम्मा हिशेब आपोआप बसतो.

नोकरी-शिक्षणासाठी नागपुरात आलेल्या, मनीषनगर, बेसा, मानकापूर किंवा हिंगणा रोडकडे फ्लॅट घेऊन राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच कुत्रा आणू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. रकमा ढोबळ आहेत, हिशेब मांडता यावा एवढ्यापुरत्या. दवाखाना, दुकान आणि वस्ती बदलली की थोडं इकडेतिकडे होणारच.

पहिली पायरी: घर

भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी तोंडी नको, अकरा महिन्यांच्या करारनाम्यात एक ओळ लिहून घ्या. "ठेवा ना, काही हरकत नाही" म्हणणारा मालक शेजाऱ्याची एक तक्रार आली की सूर बदलतो. मग ऐन उन्हात नवं घर शोधणं, दलाली, टेम्पो, नवं डिपॉझिट असा सगळा भुर्दंड अंगावर येतो. सोसायटीचं वेगळं आहे. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही. या सूचनांची एक प्रत मोबाईलमध्ये असू द्या. पण आपली बाजूही स्वच्छ ठेवा: फिरायला नेताना हातात पट्टा, खिशात पिशवी, आणि कुणाच्या दारासमोर घाण झाली तर उचलायची.

घर निवडताना मजला बघा. सगळ्यात वरच्या मजल्यावरचं घर भाड्याने स्वस्त मिळतं, पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत आग ओकत असतो. खालच्या मजल्यावरच्या, पूर्वेकडे गॅलरी असलेल्या घरासाठी महिन्याला हजारभर रुपये जास्त गेले तरी ते वीजबिलात आणि दवाखान्यात वसूल होतात. खिडकीत कूलर बसवायची सोय आहे का, हेही तेव्हाच पाहून घ्या.

दुसरी पायरी: कोणतं पिल्लू

इथे मी स्पष्ट लिहिते. हस्की, सेंट बर्नार्ड यांच्यासारखी बर्फाळ मुलखातली, दाट दुहेरी केसांची कुत्री नागपुरात आणू नका. मे महिन्यात त्यांना एसीच्या खोलीत कोंडून ठेवावं लागतं, आणि पळण्यासाठीच जन्मलेल्या जनावराचे हे हाल माझ्याने बघवत नाहीत. पग, शिह-त्झू, फ्रेंच बुलडॉग ही चपट्या नाकाची मंडळी दिसायला लहान असली तरी खर्चाला लहान नाहीत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग गार करतो, आणि यांच्या नाकात-घशात हवा खेळायला जागाच कमी असते. त्यामुळे ऊन त्यांना सगळ्यात आधी लागतं. लॅब्राडॉर मधला मार्ग आहे. स्वभावाने प्रेमळ, पण खादाड, मोठा, आणि उन्हाळ्यात कूलरशिवाय न भागणारा.

माझं मत विचाराल तर गावठी. ही कुत्री पिढ्यान् पिढ्या याच उन्हात वाढलेली आहेत. आखूड केस, सडसडीत अंग, खाणं बेताचं, त्वचेच्या तक्रारी कमी. शिकवलं की शिकतात, घराला जीव लावतात. किंमत म्हणाल तर शून्य. शहरातल्या प्राणीमित्र संस्था आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे ग्रुप वर्षभर पिल्लांसाठी घरं शोधत असतात, आणि बऱ्याचदा पहिली लस आणि जंताचं औषध देऊनच पिल्लू हाती देतात.

विकतच घ्यायचं असेल तर आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार तसं पिल्लू विकताच येत नाही. तरीही "पस्तीस दिवसांचं आहे, आताच घ्या, मग लळा लागत नाही" असं सर्रास सांगितलं जातं. हे साफ खोटं आहे. इतक्या लवकर आईपासून तोडलेलं पिल्लू चावरं आणि घाबरट निघण्याची भीती असते, शिवाय अंगात ताकदही कमी. पिल्लाची आई बघायला मागा. आई दाखवायला कुणी टाळाटाळ करत असेल तर तिथून उठा, मग भाव कितीही उतरवला जात असो.

तिसरी पायरी: पहिले तीन महिने

पिल्लू घरी आलं की दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. जंताचं औषध सुरुवातीला साधारण दर पंधरा दिवसांनी, मग महिन्याला, आणि सहा महिन्यांनंतर दर तीन महिन्यांनी असा बहुतेक डॉक्टरांचा क्रम असतो. औषध शे-दोनशे रुपयांचं, पण ते वेळेवर देण्यालाच महत्त्व. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे विषाणूजन्य आजारांची एकत्रित लस सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने तिचे पुढचे डोस असतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि पुढे दरवर्षी. खाजगी दवाखान्यात तपासणी आणि लस धरून प्रत्येक खेपेला हजार-बाराशे रुपये बाजूला काढून ठेवा. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत लसींचेच चार-पाच हजार. लसीकरणाचं कार्ड सांभाळून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी तेच मागतात.

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू रस्त्यावर, बागेत जमिनीवर सोडायचं नाही. फुटाळा तलावावर फिरवून आणायची घाई नकोच. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. एका खेपेच्या लसीचे पैसे वाचवायला गेलं आणि पार्व्हो झाला, तर पाच-सात दिवस सलाईन, रोजची इंजेक्शनं, आणि दहा-पंधरा हजारांचं बिल होऊनही पिल्लू हाती लागेलच असं नाही.

नागपूरकरांचं एक भाग्य म्हणजे सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. १९५८ साली सुरू झालेलं हे महाविद्यालय आज महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे, आणि त्याच्या चिकित्सालयात कुणालाही आपलं जनावर दाखवता येतं. केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं, शिकणारी मुलं आधी तपासतात, मग प्राध्यापक. वेळ लागतो, अर्धा दिवस मोडला असं धरूनच जा. पण एक्स-रे, रक्ततपासणी, शस्त्रक्रिया यांचा खर्च खाजगीपेक्षा बराच कमी येतो, आणि गुंतागुंतीच्या आजारात तिथे एकाच वेळी अनेक जाणकार डोळे जनावराकडे बघत असतात. रोजच्या लहानसहान गोष्टींसाठी घराजवळचा डॉक्टर आणि मोठ्या कामासाठी सेमिनरी हिल्स, अशी सांगड घातलीत तर पैसेही वाचतात.

नसबंदीचा खर्च पहिल्या वर्षातच धरा. खाजगीत पाच ते दहा हजार. कोणत्या वयात करायची ते जात आणि वजन पाहून डॉक्टर सांगतील, मोठ्या जातींत जरा थांबतात.

बाकी सामान फार लागत नाही. रुंद पट्टा, दोरी, स्टीलची दोन भांडी, जुनी चादर घालून केलेलं अंथरूण. सदर किंवा धरमपेठेतल्या दुकानात शिरलात तर रंगीत बेड, सदरे, हाडाच्या आकाराची खेळणी यांत तीन-चार हजार सहज जातील. हे पैसे लसींसाठी ठेवा.

चौथी पायरी: खाणं

तीस किलोच्या लॅब्राडॉरला दिवसाला साडेतीनशे-चारशे ग्रॅम कोरडं खाणं लागतं, म्हणजे महिन्याला अकरा-बारा किलो. मध्यम प्रतीच्या खाण्याचा भाव किलोला दोनशे ते अडीचशे धरला तर अडीच-तीन हजार रुपये झाले. महागड्या परदेशी ब्रँडचं घेतलंत तर हाच आकडा दुप्पट-तिप्पट होतो. पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याचं याच्या निम्म्यात भागतं. मोठी गोणी घेतली की किलोमागे पैसे वाचतात हे खरं, पण पावसाळ्यात उघडी गोणी सादळते आणि बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात ओता, नाहीतर लहान पाकीट घ्या.

घरी शिजवायचं असेल तर चिकन, भात, लाल भोपळा किंवा गाजर, अधूनमधून उकडलेलं अंडं. मीठ, तिखट, तेल काही नाही. चिकनवाल्याकडे गळे, काळीज, पोटा कमी भावात मिळतात, त्यात भर घालता येते. पण नुसता भात-चिकन वर्षानुवर्षं घातलं तर कॅल्शियम कमी पडतं. आहाराचं प्रमाण एकदा डॉक्टरांकडून लिहून घ्या. नुसत्या दूध-पोळीवर वाढवलेलं पिल्लू स्वस्तात पडल्यासारखं वाटतं, पुढे त्याचे वाकलेले पाय बघून वाईट वाटतं.

रविवारी घरी सावजी मटण झालं की उरलेली हाडं रश्श्यासकट कुत्र्यापुढे सरकवायची आपल्याकडे फार सवय आहे. हे करू नका. त्या वाटणातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो, आणि शिजलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार तुकड्यांत फुटतं. आतड्यात अडकलेलं हाड काढायची शस्त्रक्रिया हा या शहरातला अगदी टाळता येण्याजोगा खर्च आहे. द्राक्षं, मनुका, चॉकलेटही नको. संत्र्याच्या बिया काढलेल्या एक-दोन फोडी मात्र चालतात.

पाचवी पायरी: उन्हाळा

आता मुख्य गोष्ट. साधारण दोनशे वॅटचा कूलर दिवसाला बारा तास चालला तर अडीच युनिटच्या आसपास, महिन्याला सत्तर-पंच्याहत्तर युनिट. दीड टनाचा एसी आठ तास चालला तर दिवसाला आठ-दहा युनिट, म्हणजे महिन्याला अडीचशे-तीनशे. फरक एवढ्यावर थांबत नाही. महावितरणचे दर शंभर, तीनशे, पाचशे युनिटच्या टप्प्यांनी चढतात. तुमचं घरचं बिल दोनशे युनिटचं असेल तर कूलरमुळे तुम्ही जेमतेम तीनशेच्या आत राहता. एसीने पाचशेपर्यंत पोचता, आणि तीनशेच्या वरचं प्रत्येक युनिट चढ्या दराने पडतं. गावठी किंवा लॅब असेल तर कूलरवर भागतं. पग असेल तर जूनच्या सुरुवातीचे, पाऊस न पडलेले पण हवा दमट झालेले दिवस अवघड जातात, कारण तेव्हा कूलर नुसता ओला वारा फेकतो. ते दोन-तीन आठवडे एसीचे धरून चाला.

कूलर लावताना दोन गोष्टी पाहा. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग नीट आहे ना, हे इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या. विदर्भात कूलरच्या शॉकने दर उन्हाळ्यात माणसं दगावतात, आणि कुत्रं तर ओल्या फरशीवर, कूलरला अंग टेकून झोपतं. दुसरं, टाकीतलं पाणी त्याला चाटू देऊ नका. कूलरच्या गवताच्या ताट्यांतून फिरून फिरून ते साचलेलं, घाण झालेलं असतं. खोलीत दोन ठिकाणी प्यायचं पाणी ठेवा, मातीच्या पसरट भांड्यात ते चांगलं गार राहतं.

फिरायला सकाळी सहाच्या आत आणि रात्री नऊनंतर. शहरभर सिमेंटचे रस्ते आहेत, सूर्य मावळला तरी ते तापलेलेच असतात. निघण्याआधी तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवा. तुम्हाला चटका बसत असेल तर त्याच्या पंजालाही बसतोच. दुपारी बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा ठेवायचं नाही. केस उन्हाळ्यासाठी मुळापासून भादरू नका, त्वचा भाजते. रोज विंचरून गळणारे केस काढले की पुरे.

ऊन लागल्याची खूण अशी: धाप थांबत नाही, लाळ चिकट आणि घट्ट होते, हिरड्या लालभडक दिसतात, चाल लडखडते. सावलीत आणा, नळाचं साधं पाणी पोटावर, काखेत, पंजांवर ओता, पंखा लावा, आणि लगेच दवाखान्यात न्या. बर्फ चोळू नका, त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. तोंडात जबरदस्तीने पाणीही ओतू नका. तुमच्या भागात रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे एप्रिलमध्येच विचारून ठेवा.

सहावी पायरी: गोचीड

उन्हाळ्याइतकाच खर्च गोचीड करते, फक्त गुपचूप. उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसानंतर तिचा जोर वाढतो. रोज रात्री कुत्र्याला मांडीवर घ्या आणि बोटांनी चाचपा: कानाच्या आतली घडी, गळपट्ट्याखाली, काखा, शेपटीचं मूळ, आणि पंजाच्या बोटांमधली पोकळी. तिथे मसुराच्या डाळीएवढं राखाडी काही लागलं तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढून काढा. नखाने चिरडू नका, रॉकेल लावू नका. गोचीड ताप अंगात भिनला की कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात. रक्ततपासण्या, तीन-चार आठवड्यांच्या गोळ्या, कधी रक्त चढवणं, असं करत पाच-सहा हजारांपासून पुढे कितीही. त्यापेक्षा तीन महिने चालणारी चघळायची गोळी दीड-दोन हजारांत पडते. कुत्र्याचं वजन सांगून ती डॉक्टरांकडूनच घ्या. घरात मांजर असेल तर कुत्र्यासाठीचं गोचिडीचं औषध तिला कधीही लावू नका. त्यांतली काही मांजरांना विषासारखी असतात.

महापालिकेची नोंद, आणि चावलं तर

पाळीव कुत्र्याची महापालिकेकडे नोंद करायची असते. तुमचं घर दहापैकी ज्या झोनमध्ये येतं त्या कार्यालयात रेबीज लसीचं कार्ड, तुमचं ओळखपत्र आणि कुत्र्याचा फोटो घेऊन चौकशी करा. इतर खर्चांपुढे ही रक्कम किरकोळ आहे.

पिल्लू खेळता खेळता दात लावणारच. रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत जाऊन दाखवा. सरकारी रुग्णालयात माणसांसाठीची रेबीजची लस मोफत मिळते. "घरचंच कुत्रं आहे" म्हणून टाळू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही.

गावाला जाताना

दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत कुत्रा ठेवणाऱ्यांचे दर चढतात. एरवी दिवसाला पाचशे-सातशे असतील तर तेव्हा हजारापर्यंत जातात, आणि जागाही मिळत नाही. महिनाभर आधी जाऊन जागा स्वतः बघा: सावली, पाणी, रात्री तिथे माणूस असतो का. रेल्वेने न्यायचं तर प्रथम वर्ग एसीचा अख्खा कूपे तुमच्या नावावर लागतो, नाहीतर ब्रेकव्हॅनमधली, म्हणजे गार्डच्या डब्यातली, कुत्र्याची पेटी. उन्हाळ्यात त्या पेटीतून पाठवू नये, असं मला मनापासून वाटतं. शेजारी, मित्र, ऑफिसातले सहकारी यांच्यापैकी एका कुत्रेवाल्या घराशी अदलाबदल ठरवा. यावेळी तुमचा त्यांच्याकडे, पुढच्या वेळी त्यांचा तुमच्याकडे. यात खर्च फक्त खाण्याचा.

महिन्याचा आकडा

आता सगळं जोडू. गावठी कुत्रा, घरचं आणि विकतचं मिळून खाणं पंधराशे, लसी-जंत-गोचीड यांचा वर्षाचा खर्च बारा महिन्यांत वाटून सात-आठशे, कूलरचं वीजबिल वर्षभरात पसरून दोन-तीनशे: अडीच हजारांच्या आसपास. लॅब असेल तर साडेचार-पाच हजार. पग असेल तर खाणं कमी, पण एसी, त्वचेची मलमं, डोळ्यांचे थेंब, कानांची साफसफाई धरून आकडा लॅबच्याच घरात जातो. यावर दर महिन्याला हजार रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे आणि आजारपणाशिवाय त्यांना हात लावायचा नाही. पंचवीस-तीस हजार साठले की रात्री बारा वाजता गाडी काढून दवाखान्यात जाताना डोक्यात एकच काळजी असते, पैशांची नसते. कुत्रं आठ-नऊ वर्षांचं झालं की गुडघे, दात, मूत्रपिंड यांच्या तक्रारी सुरू होतात, तेव्हा हीच रक्कम कामी येते.

हा आकडा आज जड वाटत असेल तर थांबा. दोन महिने तेवढी रक्कम खरोखर बाजूला टाकून बघा, घर चालतं का ते कळेल. तोपर्यंत ओळखीच्यांचा कुत्रा फिरवून आणा, एखाद्या संस्थेत रविवारी जाऊन मदत करा.

आणि पिल्लू आणायचंच तर दिवाळीचे फटाके संपल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान आणा. रस्त्यावरच्या बऱ्याच कुत्र्यांना हिवाळ्याच्या तोंडावर पिल्लं होतात, त्यामुळे तेव्हा घर हवं असलेली पिल्लं पुष्कळ असतात. थंडीच्या दिवसांत लसी पूर्ण होतात, पिल्लाला रस्ता, शेजारी आणि लिफ्टची सवय होते, आणि एप्रिल उजाडेपर्यंत ते चार ते सात महिन्यांचं, अंगाने धडधाकट झालेलं असतं. एप्रिल-मे महिन्यात दीड-दोन महिन्यांचं पिल्लू कुणी फुकट देत असेल तरी त्याला विचारा, पावसाळ्यापर्यंत आईजवळ राहू देता येईल का.